मध्यरात्रीचा ओटीपी : नागपुरातील एका पतसंस्थेच्या मोबाईल ॲपचे प्रकरण

पार्श्वभूमी

पूर्व नागपुरातील एका नागरी सहकारी पतसंस्थेत २०२५ च्या पावसाळ्यात घडलेले हे प्रकरण आहे. संस्थेची आणि व्यक्तींची ओळख पटू नये म्हणून नावे गाळली आहेत आणि काही आकडे थोडेफार बदलले आहेत. घटनांचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे. प्रकार उघडकीस आल्यानंतर तिसऱ्या दिवशी संस्थेने मला सल्लागार म्हणून बोलावले. त्यामुळे पहिल्या दोन दिवसांचे वर्णन तेथे हजर असलेल्यांच्या सांगण्यावर आणि उपलब्ध नोंदींवर आधारलेले आहे.

या संस्थेचा कणा म्हणजे दैनिक ठेव. ४६ पिग्मी एजंट गांधीबाग, इतवारी, महाल, नंदनवन आणि वर्धमाननगर या भागांतील दुकाने, टपऱ्या आणि घरे रोज पालथी घालतात आणि कोणाकडून ५० तर कोणाकडून ५०० रुपये घेऊन संध्याकाळी शाखेत भरणा करतात. दिवसाची जमा साधारण ९ लाख रुपये आणि खाती ११ हजारांच्या आसपास. पूर्वी एजंटांकडे पावती छापणारे हातातले पिग्मी मशीन असे. २०२१ मध्ये त्याची जागा मोबाईल ॲपने घेतली. एजंटाने खाते निवडायचे, रक्कम टाकायची आणि सभासदाला लगेच एसएमएस जायचा, असे ते साधे काम होते. सभासदांसाठी शिल्लक व पासबुक दाखवणारे दुसरे ॲप होते. दोन्ही ॲपे एकाच सर्व्हरशी बोलत आणि दोन्ही शहरातल्याच आठ माणसांच्या एका छोट्या कंपनीने बनवली होती.

एक गोष्ट आधीच नोंदवून ठेवतो, कारण पुढे तिचे महत्त्व वाढत जाते. ही दोन्ही ॲपे प्ले स्टोअरवर नव्हती. सुरुवातीला तेथील खात्याची पडताळणी रखडली म्हणून एपीके फाइल (अँड्रॉइड फोनवर ॲप थेट इन्स्टॉल करणारी फाइल) एजंटांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकण्यात आली, एजंटांनी ती सभासदांना पाठवली, आणि ‘अनोळखी स्रोतावरून इन्स्टॉल करू द्या’ हा पर्याय दुकानदारांच्या फोनमध्ये कसा चालू करायचा तेही एजंटांनीच दाखवून दिले. तात्पुरती म्हणून केलेली ही सोय चार वर्षे चालली.

काय घडले

एका सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास गांधीबागेतील एका कापड दुकानदाराने शाखेत फोन करून विचारले की, केवायसीसाठी तुम्ही जी फाइल पाठवली ती उघडत का नाही. शाखेने कोणतीही फाइल पाठवलेली नव्हती. दुपारपर्यंत असे आणखी दोन सभासद पुढे आले. तिघांनाही फोन करणारा माणूस संस्थेतून बोलत असल्याचे सांगत होता. त्याला त्यांचा खाते क्रमांक, शिल्लक, गेल्या तीन भरण्यांच्या तारखा आणि एजंटाचे नावदेखील अचूक माहीत होते. ‘केवायसी आज अद्ययावत केली नाही तर खाते गोठवले जाईल’ असे सांगून त्याने व्हॉट्सॲपवर संस्थेचे बोधचिन्ह असलेली एपीके पाठवली होती.

तिघांपैकी एकाने ती इन्स्टॉल केली, एसएमएस वाचण्याची परवानगी दिली आणि पुढे आलेल्या पानावर आपल्या बँकेच्या नेट बँकिंगचा तपशील भरला. पाऊण तासात त्याच्या बँक खात्यातून ८४ हजार रुपये गेले. मुलाच्या सांगण्यावरून त्याने दोन तासांच्या आत सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली, म्हणून ३१ हजार रुपये पुढच्या खात्यातच रोखले गेले. उरलेल्या रकमेचा प्रश्न अवघड होता. त्या वेळी लागू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने स्वतःच गुप्त तपशील दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंत झालेले नुकसान त्यालाच सोसावे लागत होते.

पतसंस्थेच्या खात्यातून एक रुपयाही गेला नव्हता. त्यामुळे संचालक मंडळाच्या पहिल्या तातडीच्या बैठकीत ‘पैसे दुसऱ्या बँकेतून गेले, फाइल दुसऱ्याने पाठवली, यात आपला काय संबंध?’ असा सूर होता. व्यवस्थापकांनी मात्र एक नेमका प्रश्न विचारला आणि पुढील सर्व तपास त्या प्रश्नावर उभा राहिला : गेल्या तीन भरण्यांच्या तारखा त्या माणसाला कुठून कळल्या? त्या तारखा सभासद, एजंट आणि सर्व्हर या तीनच ठिकाणी होत्या.

पहिला संशय

तिन्ही सभासदांची एजंट एकच होती. चौदा वर्षे काम केलेल्या या ताईंवर संशय जाणे मनुष्यस्वभावाला धरून होते, आणि सोमवारी संध्याकाळी ॲप कंपनीने सर्व्हरचा लॉग (कोणी केव्हा काय मागवले याची आपोआप होणारी नोंद) काढून दिला तेव्हा तो संशय जवळजवळ पुरावाच वाटू लागला. आदल्या आठवड्यातील मंगळवारी त्यांच्या लॉगिनवरून १९:५४ पासून २३:२१ पर्यंत सुमारे ११ हजार खात्यांची माहिती एकामागून एक मागवली गेली होती. संध्याकाळी पावणेआठ ते आठ ही वेळ म्हणजे एजंट भरणा करून हिशेब जुळवतात तीच. ताईंनी सांगितले की आठनंतर एकदा हिशेब पाठवून आपण फोन बाजूला ठेवला होता. त्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. त्यांना ‘चौकशी होईपर्यंत घरी राहा’ असे सांगण्यात आले आणि कंपनीने त्यांचे लॉगिन बंद केले.

बुधवारी मी लॉग पाहायला बसलो तेव्हा त्या दिवशीच्या पावत्यांची नोंद शेजारी ठेवली. पावत्यांच्या नोंदीत ताईंनी दिवसाचा हिशेब २०:३२ वाजता पाठवला होता, पण सर्व्हरच्या लॉगमध्ये तोच हिशेब १५:०२ ला आलेला दिसत होता. हा फरक बरोबर साडेपाच तासांचा होता. सर्व्हरचा लॉग जागतिक प्रमाणवेळेत लिहिला जात होता आणि पावत्यांची नोंद भारतीय वेळेत. म्हणजे ११ हजार खात्यांची लूट संध्याकाळी सुरू झालेलीच नव्हती. ती बुधवारी पहाटे १ वाजून २४ मिनिटांनी सुरू होऊन ४ वाजून ५१ मिनिटांनी संपली होती.

त्याच लॉगमध्ये थोडे मागे गेल्यावर उरलेली गोष्ट दिसली. १ वाजून १३ मिनिटांनी ताईंच्या क्रमांकासाठी ओटीपी मागवला गेला होता आणि पुढच्या ११ मिनिटांत ४,२०० हून अधिक चुकीचे ओटीपी टाकून शेवटी बरोबर आकडा लागला होता. ताईंना याबद्दल विचारले तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितले की, रात्री ओटीपीचा मेसेज आलेला त्यांनी सकाळी पाहिला होता आणि शाखेत खिडकीवर बोलूनही दाखवले होते. खिडकीवरच्या लिपिकालाही ते आठवत होते. ‘कंपनीचे काहीतरी चालू असेल’ असे म्हणून तो विषय तिथेच संपला होता, कारण असे काही लिहून ठेवण्याची जागाच शाखेत नव्हती.

उणीव नेमकी कोठे होती

तांत्रिक कारणे एकाहून अधिक होती, पण त्यांचे वजन सारखे नव्हते.

सर्वांत मोठी चूक सर्व्हरवर होती. एजंट लॉगिन झाला की तो कोणत्याही खाते क्रमांकाची माहिती मागवू शकत असे. ॲपच्या पडद्यावर त्याला फक्त आपल्या भागातील खाती दिसत, पण ही मर्यादा पडद्यापुरती होती. विनंती आली की ‘हा माणूस लॉगिन आहे का’ एवढेच सर्व्हर पाहत असे. ‘हे खाते याच्याकडे आहे का’ हे पाहत नसे. खाते क्रमांक म्हणजे शाखेचा संकेतांक आणि त्यापुढे ओळीने येणारे आकडे असल्यामुळे, एकेक आकडा वाढवत जाणारी दहा ओळींची स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) सगळी संस्था वाचून काढायला पुरेशी होती.

दुसरी चूक ओटीपीची. चार अंकी ओटीपीच्या एकूण शक्यता १०,०००. सेकंदाला सहा प्रयत्न केले तर त्या सर्व अर्ध्या तासात संपतात. इथे ओटीपी ३० मिनिटे चालत होता आणि चुकीच्या प्रयत्नांना कसलीच मर्यादा नव्हती. ॲपमध्ये तीन चुकांनंतर ‘थोड्या वेळाने प्रयत्न करा’ असा संदेश येत असे खरा, पण तीही पडद्यावरची रोक होती. जो माणूस ॲप बाजूला ठेवून थेट सर्व्हरशी बोलतो त्याला ती दिसतच नाही. ताईंचा मोबाईल क्रमांक शोधण्याचीही गरज नव्हती, कारण प्रत्येक दुकानात टांगलेल्या भरणा कार्डावर तो छापलेला होता.

तिसरी चूक मी एपीके उघडून पाहिली तेव्हा सापडली. जेएडीएक्स हे मोफत साधन वापरून ॲपचा बराचसा मूळ कोड वाचता येतो. पहिल्या दहा मिनिटांत मला त्यात एसएमएस पाठवणाऱ्या सेवेची गुप्त किल्ली आणि पासवर्ड नसलेल्या एका चाचणी सर्व्हरचा पत्ता मिळाला. त्या चाचणी सर्व्हरवर २०२२ मधील खऱ्या सभासदांची नावे तशीच पडून होती. हल्लेखोराने ही वाट वापरल्याची खूण मिळाली नाही, पण ज्या पत्त्यांवर त्याने विनंत्या पाठवल्या ते सर्व पत्ते त्याला याच फाइलमधून मिळाले असणार. फाइल शेकडो व्हॉट्सॲप गटांत फिरत होती.

समोरचे पर्याय

बुधवारी दुपारच्या बैठकीत तीन मार्ग चर्चेला आले.

पहिला मार्ग ॲप कंपनीने मांडला. ॲपचा कोड वाचता येऊ नये म्हणून तो गोंधळून टाकायचा, रूट केलेल्या (मूळ सुरक्षा-बंधने काढून टाकलेल्या) फोनवर ॲप चालू द्यायचे नाही, मध्ये कोणी बनावट सर्व्हर घुसवू नये म्हणून खऱ्या सर्व्हरची ओळख पटवणारे प्रमाणपत्र ॲपमध्ये पक्के बसवायचे, आणि या सगळ्यासाठी एक तयार सुरक्षा पॅकेज वार्षिक शुल्काने विकत घ्यायचे. त्याचे कोटेशनही तयार होते. संचालकांना हा मार्ग भावला, आणि त्यात त्यांची चूक नव्हती; ॲप फोडले गेले असे ऐकल्यावर ॲपला कुलूप लावावे असेच कोणालाही वाटेल. पण या प्रकरणात ॲप फोडून कोणी आत आलेच नव्हते. सॉफ्टवेअर सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प या संस्थेच्या २०२४ च्या मोबाईल धोक्यांच्या यादीत गुप्त किल्ल्यांचा चुकीचा वापर पहिला आहे, ओळख व अधिकार तपासण्यातील ढिलाई तिसरी आहे आणि ॲपच्या फाइलचे अपुरे संरक्षण सातवे. संस्थेच्या घरात पहिला आणि तिसरा शिरला होता, आणि कोटेशन आले होते सातव्याचे.

प्रमाणपत्र बसवण्याला मी तेव्हा स्पष्ट विरोध केला. अँड्रॉइड ७ पासून, नवीन आवृत्तीसाठी बांधलेली ॲपे वापरकर्त्याने स्वतः बसवलेल्या प्रमाणपत्रांवर आपणहून विश्वास ठेवत नाहीत आणि सर्व एजंटांचे फोन त्यापुढचे होते, त्यामुळे मिळणारा फायदा थोडा होता. उलट या सर्व्हरचे मोफत प्रमाणपत्र दर ९० दिवसांनी बदलत होते. बदलाच्या दिवशी कंपनीतील कोणी सुटीवर असेल तर ४६ एजंटांची ॲपे एकदम बंद पडली असती, आणि तो दोष हल्लेखोराचा नसता.

दुसरा मार्ग कोणालाही न सांगता रात्री सर्व्हर दुरुस्त करण्याचा. यामागे खरी भीती होती. पतसंस्थेच्या ठेवींना बँकांप्रमाणे ठेव विमा महामंडळाचे संरक्षण नसते आणि हे सभासदांना चांगले ठाऊक असते. ‘माहिती चोरीला गेली’ एवढे वाक्य इतवारीत पसरले तर दुसऱ्या दिवशी शाखेसमोर रांग लागेल, असे एका ज्येष्ठ संचालकांचे म्हणणे होते आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते.

तिसरा मार्ग म्हणजे दोन्ही ॲपे बंद करायची, जुन्या छापील पावती पुस्तकांवर वसुली करायची आणि सर्व्हर दुरुस्त झाल्यावरच पुन्हा सुरू करायचे. एजंटांच्या मोबदल्याचा हिशेब आणि सभासदांना जाणारे पावतीचे एसएमएस या काळात थांबले असते.

चर्चेचा निकाल लॉगमधल्या एका नव्या नोंदीने लावला. सोमवारी संध्याकाळी ताईंचे लॉगिन बंद केले असे सर्वांनी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात बंद झाले होते ते नवे लॉगिन. आधीच दिलेले टोकन (एकदा लॉगिन झाल्यावर पुन्हा ओटीपी न मागता आत येऊ देणारा संकेत) सर्व्हर स्वीकारतच होता, कारण टोकनाला मुदत नव्हती आणि खाते बंद आहे की नाही हे प्रत्येक विनंतीला तपासले जात नव्हते. मंगळवारी रात्री हल्लेखोर त्याच टोकनावर परत आला होता आणि जास्त शिल्लक असलेल्या सुमारे ३०० खात्यांची ताजी माहिती घेऊन गेला होता. हे टेबलावर ठेवल्यावर ‘गुपचूप रात्री’ हा पर्याय आपोआप मागे पडला. बुधवारी संध्याकाळी सहा वाजता दोन्ही ॲपे बंद करण्यात आली.

कार्यवाही

सर्वप्रथम सर्व्हरच्या लॉगची प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन तिचा हॅश (नंतर फेरफार झाला तर ओळखू येईल असा फाइलचा संकेतांक) लिहून ठेवला आणि एक प्रत अध्यक्षांच्या कपाटात ठेवली. हे तातडीचे होते, कारण लॉग फक्त ३० दिवस राहत होता. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार तो १८० दिवस जपावा लागतो आणि अशा घटनेची माहिती लक्षात आल्यापासून सहा तासांत द्यावी लागते. ‘आपण कंपनी थोडीच आहोत?’ असा प्रश्न याही वेळी निघाला. निर्देश कंपन्यांपुरते नसून सर्व निगमित संस्थांना लागू आहेत, आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ३६ प्रमाणे नोंदणीकृत सहकारी संस्था ही निगमित संस्थाच असते.

सहा तास अर्थातच केव्हाच उलटले होते. घटना ‘बुधवारी लक्षात आली’ असे लिहावे, म्हणजे अहवाल वेळेत दिसेल, अशी सूचना बैठकीत आली. ती मान्य झाली नाही. लॉगमधील गैरप्रकार सोमवारी संध्याकाळी दिसला होता आणि कंपनीच्या ईमेलवर ती वेळ होती. अहवालात सोमवारचीच वेळ लिहिली, उशिराचे कारण एका वाक्यात दिले आणि तोच अहवाल जोडून नागपूर शहर सायबर पोलिसांकडे तक्रार केली. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला असला तरी त्याचे नियम त्या वेळी लागू झालेले नव्हते; ते नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. सुरक्षेविषयीच्या तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. त्यापुढे असाच प्रकार घडला तर त्या कायद्याचाही विचार करावा लागेल, आणि त्यात सुरक्षेची पुरेशी काळजी न घेतल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

सर्व्हरवरील दुरुस्ती ३६ तासांत झाली. सर्व टोकने रद्द करून नव्यांना १२ तासांची मुदत ठेवली. प्रत्येक विनंतीला ते खाते त्या एजंटाकडे आहे का हे सर्व्हर स्वतः तपासू लागला. ओटीपी सहा अंकी झाला, तीन मिनिटांत आणि पाच चुकांत तो बाद होऊ लागला, आणि ही मोजणी सर्व्हरकडे गेली. ॲप आणि सर्व्हर यांच्यात खाते क्रमांकाऐवजी अंदाज बांधता न येणारी लांब यादृच्छिक ओळख फिरू लागली. एसएमएस सेवेची किल्ली बदलून सर्व्हरवर नेली. चाचणी सर्व्हर कायमचा बंद केला.

दोन उपाय मात्र एजंटांच्या कामाकडे पाहून सुचले, आणि माझ्या मते त्यांचे मोल सर्वाधिक आहे. रात्री अकरा ते सकाळी सहा, ओटीपी मागवला गेला तरी, एजंटांचे लॉगिन बंद ठेवले, कारण त्या वेळी कोणताही एजंट कोणाच्या दुकानात नसतो. तसेच एका एजंटाने दिवसात ३०० हून अधिक खाती उघडली की व्यवस्थापकांना सूचना जाऊ लागली, कारण सर्वांत मोठ्या एजंटाकडेही त्याहून कमी खाती होती. दोन्हींना मिळून अर्ध्या दिवसाचे काम लागले. त्या रात्री यांतला एक जरी उपाय असता तरी चोरी एकतर झालीच नसती किंवा तीनशेव्या खात्यावर दिसली असती.

पुढच्या महिन्यात एजंटाचे ॲप त्याच्या फोनशी जोडले. लॉगिनच्या वेळी फोनच्या अँड्रॉइड कीस्टोअरमध्ये (किल्ल्या सुरक्षित ठेवण्याच्या जागेत) एक किल्ली तयार होते, ती बाहेर काढता येत नाही, आणि प्रत्येक विनंतीवर तिची सही असते. नुसता ओटीपी किंवा चोरलेले टोकन आता पुरत नाही. फोन बदलला तर शाखेत येऊन व्यवस्थापकांची मान्यता घ्यावी लागते. याबद्दल एजंटांनी सुरुवातीला बरीच कुरकुर केली आणि ती रास्तही होती, कारण पावसाळ्यात फोन भिजून बंद पडणे हे या धंद्यात नेहमीचे आहे. शेवटी शाखेत दोन जोडलेले राखीव फोन ठेवले. कोड गोंधळून टाकण्याचे काम अँड्रॉइडच्या स्वतःच्या आर-एट या साधनाने, कोणतेही शुल्क न देता, सर्वांत शेवटी केले. त्याने नावे बदलतात, कोडमध्ये लिहिलेली किल्ली लपत नाही; म्हणून किल्ली आधी काढणे गरजेचे होते.

सभासदांना कसे सांगितले

सभासदांना कळवायचे ठरल्यावर पहिला विचार एसएमएसचा आला आणि लगेच अडला. व्यावसायिक एसएमएसचा मजकूर दूरसंचार कंपन्यांच्या डीएलटी मंचावर आधी नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो, आणि संस्थेकडे मंजूर नमुने होते ते फक्त भरणा, परतावा आणि ओटीपीचे. ‘अशा फोनला फसू नका’ हे सांगणारा नमुनाच नव्हता.

मग संस्थेने आपले जुने जाळे वापरले. गुरुवारी सकाळी सर्व ४६ एजंटांना बोलावून, काय गेले आणि काय गेले नाही हे अध्यक्षांनी त्यांना खुलेपणाने सांगितले. मराठी आणि हिंदीत एक पानाचे पत्रक छापले. नाव, मोबाईल क्रमांक, खाते क्रमांक, शिल्लक आणि भरण्याच्या तारखा बाहेर गेल्या आहेत. ठेवीची रक्कम सुरक्षित आहे. संस्था फोनवर केवायसी मागत नाही. आणि कोणीही पाठवलेली एपीके, संस्थेच्या नावाची असली तरी, उघडू नका, एवढेच त्यात होते. शुक्रवार संध्याकाळपर्यंत रोजच्या भरण्याची बहुतेक दुकाने एजंटांनी पायी पूर्ण केली. एसएमएसचा नमुना मंजूर होऊन आला तो त्यानंतरच्या आठवड्यात.

एपीकेबद्दलचे वाक्य लिहिताना सर्वांत जास्त वेळ गेला. चार वर्षे संस्थेनेच एपीके पाठवली होती. फसलेल्या दुकानदाराने मला सांगितले, “साहेब, तुमची पहिली फाइल पण अशीच आली होती व्हॉट्सॲपवर, ती चालली ना?” याला उत्तर नव्हते. पत्रकात ‘यापूर्वी आम्ही अशी फाइल पाठवत होतो, ती पद्धत आम्ही बंद केली आहे’ हे वाक्य घालण्यास दोन संचालकांचा विरोध होता, तरी ते ठेवले. दोन्ही ॲपे पुढे प्ले स्टोअरवर गेली आणि जुन्या आवृत्त्यांना सर्व्हरने उत्तर देणे थांबवले.

निष्पत्ती

शुक्रवारी सकाळी सहाला एजंटांचे ॲप पुन्हा सुरू झाले. छापील पावत्यांवरील दीड दिवसाची जमा जुळवायला दोन रात्री लागल्या, आणि दोन पावत्यांतील १,१०० रुपयांचा फरक संस्थेने सोसला. पहिल्या पंधरवड्यात १३० च्या आसपास खाती बंद झाली. संचालकांना भीती होती तशी रांग लागली नाही. त्यापैकी किती खाती या कारणाने बंद झाली आणि किती सणासुदीच्या तोंडावर दरवर्षी होतात तशी, हे वेगळे काढता येत नाही.

एजंट ताईंना गुरुवारच्या बैठकीत सर्वांसमोर परत बोलावले आणि घरी बसवल्याच्या दोन दिवसांचा मोबदला दिला. त्या कामावर आल्या. पण गांधीबागेत त्या दोन दिवसांत जे बोलले गेले ते परत घेता आले नाही. त्यांच्याकडील सात-आठ दुकानदारांनी एजंट बदलून मागितला आणि ते कारण सांगत नाहीत.

हल्लेखोर सापडलेला नाही. विनंत्या भाड्याच्या परदेशी सर्व्हरवरून आल्या होत्या, तर फसवणुकीचे फोन दुसऱ्याच राज्यांतील सिमवरून होत होते. बहुधा यादी काढणारे वेगळे आणि ती विकत घेऊन फोन करणारे वेगळे असावेत.

वेगळे काय करता आले असते

सोमवारी संध्याकाळी, लॉग पाहताक्षणी, ॲपे बंद करायला हवी होती. दोन दिवसांचा उशीर झाला तो निष्काळजीपणामुळे नव्हे. ‘गुन्हेगार सापडला आहे’ असे वाटल्याने तो झाला, आणि या समजामुळे तपास थांबला. माणसावर बोट ठेवण्याआधी त्याच दिवसाची एक निर्विवाद नोंद, इथे ताईंचा स्वतःचा हिशेब, लॉगशी ताडून पाहिली असती तर साडेपाच तासांचा फरक दहा मिनिटांत कळला असता. ती तुलना करायला संगणकतज्ज्ञ लागत नाही.

कंपनीशी केलेल्या करारात सुरक्षा चाचणीचा उल्लेखच नव्हता. कंपनीला मी फार दोष देत नाही. तिला सांगितले होते ते तिने वेळेत आणि स्वस्तात करून दिले होते. पण ॲप घेताना संस्थेने एकच चाचणी मागायला हवी होती : एका एजंटाच्या लॉगिनवरून दुसऱ्या एजंटाचे खाते उघडून दाखवा. हा प्रयोग २०२१ मध्येच केला असता तर निकाल त्याच दिवशी समोर आला असता.

माझ्या बाजूनेही एक गोष्ट राहिली. बुधवारी दुपारी मी पर्यायांच्या चर्चेत दोन तास घालवले आणि मंगळवार रात्रीचा लॉग त्यानंतर उघडला. तो आधी उघडला असता तर जिवंत टोकन दुपारीच रद्द झाले असते. त्या दोन तासांत कोणी आले नव्हते, हे नंतर तपासल्यावर कळले.

रात्रीच्या ओटीपीसाठी आता खिडकीवर एक साधी वही आहे. तीत तारीख, वेळ, एजंट आणि काय दिसले एवढे चार रकाने आहेत, आणि रोज संध्याकाळी व्यवस्थापक तीवर सही करतात. पहिल्या तीन महिन्यांत तीत १९ नोंदी झाल्या. त्यांपैकी १७ निरर्थक होत्या, एक एजंटाच्या मुलाने फोनशी खेळताना केलेली होती. उरलेल्या एका नोंदीत पहाटे अडीचला नंदनवनच्या एजंटाला ओटीपी आल्याचे लिहिले आहे. सर्व्हरच्या लॉगमध्ये त्या वेळी पाच चुकीचे प्रयत्न दिसतात आणि त्यापुढे काहीच नाही.